तांडा हो म्हणेना

आम्हाला गावोगाव पाठवलंय, जीनच्या अभ्यासासाठी रक्ताचे नमुने गोळा करायला. नमुने मोजकेच मिळतात, किस्से मात्र जीपभर! टीम छोटीशी: सुई टोचणाऱ्या सिस्टर, ड्रायव्हर रफिकभाई आणि लोकांना समजावून सांगणारी मी. घरी लहानगी लेक सासूबाईंकडे ठेवून निघते. बरं करते की नाही, याची रोज शंका!

त्यात पुसेगावजवळचा एक तांडा रक्त द्यायचं नाही म्हणून अडून बसला होता. "तांडा नसेल तर अभ्यास अर्धाच," अभ्यासाच्या प्रमुख सरांनी बजावलेलं.

*

गोरेगावला सांगितलं, "सकाळी काही न खाता या." सगळे चहा पिऊन हजर!

"अहो, खायचं नाही म्हटलं होतं ना?"

"चहा काय खाणं असतंय का मॅडम? तुमच्यासाठी आज बिस्कीट बुडवलं न्हाई!"

*

वारंगा फाट्यावर चहावाल्यानं आमचा नमुने ठेवायचा बर्फाचा डबा पाहिला. "भाई, कुल्फी हाय का?"

रफिकभाई म्हणाले, "हाय की! गोरेगावच्या माणसांची!"

*

उंची जीनमधल्या शेकडो बारीक फरकांनी मिळून ठरते, हे मीच गावभर सांगते. तरी दर रविवारी लेकीला दाराशी उभी करून पेन्सिलीनं खूण करते.

सासूबाई वैतागल्या, "आगं, लेकरू हाय ते! ज्वारीचं धाट न्हाई!"

आणि शेजारणीला मात्र ऐटीत, "आमच्या सूनबाईला इचारा, तुमच्या घरात समदे बुटके काहून!"

*

शेवटी तांड्यावर गेलो. बायका पारावर जमल्या. मी सांगितलं, "प्रोटीन बनवायचा निरोप जीनकडून निघतो. त्या निरोपावर एक छोटा आरएनए येऊन बसतो आणि 'बास' म्हणतो. पंगतीत आपण पत्रावळीवर हात आडवा धरतो ना, तसा. बसायच्या जागेतलं एक अक्षर बदललं, की हात नीट बसत नाही. वाढपी वाढतच राहतो!"

"मंग आमच्या मालकाचा हात कधी बसलाच न्हाई!" एक बाई म्हणाली, आणि सगळा पार हसला. जमतंय की आपल्याला!

*

तांड्याचे नायक तेवढे हसले नव्हते. ते हो म्हणाल्याशिवाय तिथं कुणी हात पुढं करत नाही.

"माझ्या रगतात काय दिसंल तुला, पोरी?"

सरांनी पढवलेलं लांबलचक उत्तर मी साफ विसरले. "खरं सांगू बाबा? तुमच्या एकट्याच्या रक्तात काहीच दिसणार नाही. फरक इतका बारीक, की पुष्कळ माणसं मिळूनच दिसतो."

रफिकभाईंनी कपाळाला हात लावला.

नायक उठले. बाही वर केली आणि घरांकडं तोंड करून ओरडले, "एकट्याचं काई दिसत न्हाई म्हणते! चला, समदे या!"