फुगा धरून ठेवणारा माणूस

माझा आवाज मोठा आहे. पिंपळे गुरवच्या शाळेत मी विज्ञान शिकवते, आणि तिसऱ्या मजल्यावरचा धडा खाली मैदानात ऐकू येतो असं मुलं म्हणतात. त्या सकाळी तळेगावच्या माळावर मात्र माझ्या आवाजाला कुणी दाद दिली नाही, याचे उपकार मी अजून विसरलेले नाही.

मुलांनी बनवलेली पेटी हेलियमच्या फुग्याला बांधून आम्ही आभाळात सोडणार होतो. विमानांच्याही वर जाऊन फुगा फुटतो आणि पेटी पॅराशूटने खाली येते. आत कॅमेरा असतो. मागच्या वर्षीचा फुगा तारेच्या कुंपणाला लागून जमिनीवरच फाटला होता. मुलं फाटक्या फुग्याचे तुकडे घेऊन बसने परतली होती. यंदाही फुगा एकच होता. तोही गेला असता, तर पुन्हा कुणाकडे मदत मागायला मला तोंड उरलं नसतं.

फुगा धरायला दणकट माणूस हवा होता. एका विद्यार्थिनीचे वडील दापोडीला घरी जाऊन झोपायचं सोडून, चाकणची रात्रपाळी करून थेट आले होते. कारखान्यातल्या प्रेस शॉपमध्ये, पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांच्या दणदणाटात वर्षं काढून त्यांना ऐकू कमी येतं, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी फुग्याजवळ दोरी धरली. दुसऱ्या टोकाला पेटी घेऊन त्यांची लेक उभी राहिली.

वारा वाढत होता. मुलांनी दहापासून उलटं मोजलं आणि शून्याला सगळे ओरडले, "सोडा!" ते ढिम्म.

"अहो, सोडा ना! फाटेल तो! उभ्या उभ्या झोप लागली का?" मी कडाडले.

ते आपले लेकीकडे बघत उभे. तिने एक हात वर करून मूठ आवळली होती.

तेव्हा मला दिसलं. तिच्या मैत्रिणीच्या पायाला दोरीचा वेढा बसला होता. फुगा सुटला असता तर पोरगी फरफटली असती आणि दोरीही तुटली असती. लेकीने तो पाय सोडवला, मूठ उघडली, आणि त्याच क्षणी वडिलांनी दोरी सोडली. मग तिने पेटी सोडली. बघता बघता फुगा हरभऱ्याएवढा झाला.

दुपारी शिरूरच्या पुढे एका शेतात पेटी सापडली. फोटोत पृथ्वीची वाकलेली कड बघून मुलं नाचली. त्या लेकीचे वडीलही न झोपता आमच्यासोबत आले होते. चहाच्या टपरीवर मी त्यांच्यापुढे हात जोडले.

"आमच्या शॉपमधी आरडाओरडीवर क्रेन हालवत न्हाईत, मॅडम," ते म्हणाले. "हाताची खूण दिसली तरच." मग लेकीकडे वळून त्यांनी विचारलं, "सकाळी मॅडम काय म्हणत व्हत्या गं?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

ती त्यांच्यासमोर आली, हातांनी खुणा करत सावकाश म्हणाली, "म्हणत होत्या, पप्पा, घट्ट धरा."

"मग? धरला न्हवं!" ते खूश होऊन हसले.

खरं काय ते सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. त्यांच्या पाठीमागून लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मूठ वर केली. मी थांबले.