फौजदार मामांची फेरतपासणी

फौजदार मामांना मान वळवता येत नसे. कुणी हाक मारली की ते आधी जागेवर थांबत, मग पायापासून खांद्यापर्यंत अख्खेच्या अख्खे त्या बाजूला फिरत आणि समोरच्याकडे एकटक बघत. नवख्या माणसाला वाटे, आपलं काहीतरी पकडलं यांनी. पोलिसात ते कधीच नव्हते. ऐन तिशीत त्यांच्या पाठीचे मणके एकमेकांना चिकटायला लागले आणि मानेपर्यंत सगळी पाठ फळीसारखी ताठ झाली, एवढीच त्यांच्या फौजदारकीची हकीकत. पण वडगाव रासाईत एकदा नाव पडलं की पडलं.

स्वभावही नेमका नावाला शोभणारा होता. शिरूरच्या बाजारात भाजी घेताना नजर भाजीवर नसे, काट्यावर असे. एसटीत कंडक्टरने सुटे नंतर देतो म्हटलं, तर सुटे हातात पडेपर्यंत ते त्याला चिकटून उभे राहत. मी तर शेजारचा, त्यांच्या ओसरीवर वाढलेला. दिवाळीला फराळाचं ताट घेऊन गेलो तरी पहिला प्रश्न, "सोपाना, काय काम काढलंस?" माणूस गोड बोलायला लागला की त्याच्या मनात काहीतरी असतं, हे त्यांचं ठाम मत. माझा कधीकधी असा संताप व्हायचा की ताट तसंच परत न्यावं.

गंमत अशी, की गावालाही मामांचा संशय होताच. उंच, गोरा माणूस, कडक इस्त्रीचा सदरा, चालणं असं की लग्नाला निघालाय. याला काय धाड भरलीय, असं लोक मागे म्हणत. उन्हं वर आल्यावर पारावर बसलेले मामा सगळ्यांना दिसत. पहाटे खाटेवरून उठताना मामींचा हात धरून कण्हणारे मामा भिंतीपलीकडच्या आम्हालाच ऐकू येत. सणसवाडीच्या कंपनीत खोकी उचलायचं काम होतं, ते वाकता येईना तेव्हा सुटलं. त्यानंतर घर मामींच्या मजुरीवर आणि एवढ्याशा वावरावर चाललं.

अपंगत्वाचा दाखला काढायला सरकारी दवाखान्यात पहिल्यांदा गेले तेही दाढी करून, इस्त्री मारून. चाळीस टक्क्यांच्या खाली अपंगत्व धरलं तर हाती काही लागत नाही, आणि मामांना नेमकं खालीच धरलं. मी चिडून म्हटलं, पुढच्या वेळी जरा मळके कपडे घाला, थोडं लंगडा. मामा सगळेच्या सगळे माझ्याकडे वळले. "सरकारच्या दारात जायाचं तर नीट जावं. म्या काय सोंग करू व्हय?" दुसऱ्या खेपेला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पेन जमिनीवर टाकला आणि उचलायला सांगितलं. मामांनी भिंत धरून पाहिली, खुर्ची धरून पाहिली. शेवटी बाईंनीच तो उचलला. दाखला मिळाला, महिन्याचं अनुदान सुरू झालं आणि मामांच्या औषधाची चिंता मिटली.

पुढे तालुक्यात खोट्या दाखल्यांची बोंब उठली आणि दाखलेवाल्यांची गुपचूप चौकशी सुरू झाली. त्याच सुमारास मामांच्या मुलीचं, राणीचं, लग्न दौंडला जमत आलं होतं. एका दुपारी अनोळखी माणूस मोटारसायकलवरून आला, बाळूआण्णांच्या हॉटेलात बसला आणि मामांच्या घराबद्दल विचारू लागला. घर कसं आहे, मामा काय करतात, तब्येत कशी असते. आता आमच्याकडे असा माणूस सोयरिकीचाच असतो, आणि सोयरिकीच्या चौकशीत शेजाऱ्याच्या घरातलं उणं सांगायचं नाही, हा आमचा रिवाज. बाळूआण्णांनी तो मनापासून पाळला. वर चहाचे पैसेही घेतले नाहीत.

काही दिवसांनी मामांचं अनुदान थांबलं आणि शिरूरहून बोलावणं आलं. मग काय, फौजदारांनी तपास हाती घेतला. कुणी चहाडी केली? पिठाच्या गिरणीचा मालक झाला, पोलीसपाटील झाला, मामींचा सख्खा भाऊसुद्धा सुटला नाही. मागे एकदा बांधावरून माझी त्यांची बोलाचाली झाली होती, म्हणून त्यात मीही होतो. मला वाईट वाटलं, रागही आला. पण संशय माझ्यावर असला तरी गाडी माझीच होती, त्यामुळे शिरूरला आम्ही दोघंच गेलो.

कचेरीत तोच मोटारसायकलवाला टेबलामागे बसलेला. मामांनी आपलं दुखणं सांगितलं, तसा तो वैतागला. "आम्ही ऐकायचं तरी कुणाचं? तुमच्याच गावचा हॉटेलवाला म्हणाला, मामा म्हंजी लोखंड, कांद्याची पोती उचलत्यात. वर मला म्हणाला, पाव्हणं, बिनघोर पोरगी करून घ्या."

फेरतपासणी होईल आणि गावातले साक्षीदारही लागतील, एवढं त्याने सांगितलं. बाहेर एसटी डेपोपाशी आल्यावर मामा थांबले.

"सोपाना, आण्णा माझ्या पोरीसाठी खोटं बोलला रं. आन् आता गावानं खरं सांगितलं, तर दौंडचं मोडंल."

दौंडकरांना त्यांनी नुसतं पाठ धरते एवढंच सांगितलं होतं. गप्प बसावं तर अनुदान जाणार, औषध बंद पडणार. बोलावं तर पोरीचं लग्न मोडणार. मी गाडी गावाकडे वळवली. मामा मात्र गाडीवर बसले आणि म्हणाले, घरी नको, दौंडला चल. दुसऱ्याकडून कळलं तर ते पोरीला आयुष्यभर टोचतील, म्हणून आपणच सांगायचं.

मुलाचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दाखला दोन्ही बाजूंनी पाहिला आणि विचारलं, हे पोरीलाही होईल का? मी मनात म्हटलं, नाही म्हणा. मामा म्हणाले, "डाक्टर म्हनतो, व्हईलच असं न्हाई. व्हनार न्हाई असंबी न्हाई." फोन करतो म्हणून त्यांनी आम्हाला निरोप दिला. भीमेच्या पुलावर मामा मागून एकच शब्द बोलले, "मोडलं."

फोन आला नाही. राणी म्हणे, सांगितलं ते बरं केलंत, आणि चुलीकडे तोंड करून बसे. तपासणीचा दिवस उजाडला, तसा दारात एक चारचाकी येऊन थांबली. दौंडचा मुलगा एकटाच उतरला. तपासणी आज आहे असं कळलं, म्हणून गाडी घेऊन आलोय, म्हणाला. मामा ओसरीवर उभे होते. मोडायला कुणी गाडी घेऊन येत नाही, मग हा आला कशाला, हे त्यांच्या कपाळावर स्पष्ट दिसत होतं.

निघताना त्यांनी सवयीने पाय पुढे केला. वहाणांचे पट्टे रोज राणी लावायची. ती पुढे झाली, तर मुलाने तिला हातानेच थांबवलं आणि स्वतः खाली बसला. आमच्याकडे लग्नात सासरा जावयाचे पाय धुतो. जावयाने सासऱ्याच्या पायात वहाण चढवलेली मी तोवर पाहिली नव्हती. मामांची मान खाली होत नसे, नजर समोर, अंगणावर. "घट लाव गं, काल सुटला व्हता," ते म्हणाले. त्याने पट्टा घट्ट केला. मामींनी पदर तोंडाला लावला.

दाखला कायम राहिला. बाळूआण्णांनी साक्ष देताना कचेरी डोक्यावर घेतली. लग्नही दौंडला व्यवस्थित झालं. पण त्या दिवशी दवाखान्यात, मुलगा चहा आणायला गेला तेव्हा, मामा माझ्या कानाशी म्हणाले होते, "पोरगं लई भलं वागतंय. ध्यान ठेव, ह्याला कायतरी पायजेल आसंल."

मामा गेले त्याला आता वर्ष होत आलं. तो पट्टा कुणी लावला, हे आम्ही त्यांना कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर त्यांनी आधी विचारलं असतं, कशासाठी?