डबड्याला लागलेली उष्टी हळद

मोटारीच्या पोटात हळद घालणारा मी काही जगातला पहिला माणूस नाही. पण नवरीची उष्टी हळद घालणारा मी एकटाच असावा.

लढाईचे दिवस होते. वडील गेल्यावर माझी शाळा चौथीतच सुटली होती आणि आईनं मला बार्शीकडून थेट सारोळ्याला, तिच्या भावाकडं धाडलं होतं. मामांनी मला पोटच्या पोरासारखं वाढवलं. मिसरूड फुटलं तरी माझी एक धास्ती मात्र गेली नाही : आपल्या हातून काही मोडलं तर मामा परत पाठवतील! (रोज काही ना काही मोडायचंच. मामा पाठवत नसत. त्यानं धास्ती आणखी वाढायची.)

मामांकडं एक म्हातारी मालमोटार होती. पुढं दोघा-तिघांची बैठक, मागं उघडा हौदा. गाव तिला 'डबडं' म्हणे, मामा 'राजा' म्हणत आणि हाकतही बैलासारखीच. चढ आला की "हौ रं राजा, हौ!" थांबायचं झालं की आधी "होऽऽ" करून बघायचे, आणि राजा ऐकत नाहीसं दिसलं की मग ब्रेक दाबायचे. तोवर एखादी कोंबडी वारलेली असायची.

मामेभाऊ शंकरचं लग्न वेल्ह्यात ठरलं आणि नेमका डबड्याचा पाण्याचा पंप फुटला. हा पंप इंजिनात पाणी खेळवतो; तो गेला की राजा दोन मैलांत चुलीवरच्या भगुल्यासारखा उकळतो. मी पुण्यातल्या एका भंगारवाल्याकडून तसलाच जुना पंप शोधून आणला.

"बसवशील का रं?" मामांनी विचारलं.

"त्यात काय, मामा! जुना काढायचा, हा लावायचा."

इतक्या खात्रीनं बोललो की माझं मलासुद्धा पटलं.

पाणी सोडलं, पट्टा काढला, गंजलेले बोल्ट रॉकेल पाजून सोडवले. सगळं झकास! पण पंप आणि इंजिन यांच्यामध्ये पॅकिंग लागतं, नाहीतर सांध्यातून पाणी गळतं. लढाईत पॅकिंग कुठलं मिळायला? मी मामांच्या जुन्या वहाणेचं कातडं कापून बसवलं.

"टिकंल का?" मामी म्हणाल्या.

"आगं, ह्या वहाणेनं म्या भोर-पुणं केलंया," मामा छाती काढून म्हणाले. "वेल्हं काय लांब हाय?"

लग्नाच्या आदल्या दिवशी शंकरला हळद लागली. नवऱ्याची उरलेली हळद, म्हणजे उष्टी हळद, नवरीला लावायची ही आमची रीत. ती पोचल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद नाही. नवरीकडच्यांना ती दिवेलागणीच्या आत हवी होती आणि बैलगाडीनं ते होणं नव्हतं. मामांनी भर मांडवात सांगितलं, "राजा हाय की! पंप भाच्यानं बसवलाय. येळंत न्हाई पोचलो तर..."

मला बार्शी दिसली.

निघालो. पुढं मामा, माझी थोरली मावशी गोदाक्का आणि तिच्या मांडीवर लाल फडक्यात बांधलेला हळदीचा पितळी डबा. मागं हौद्यात करवल्या आणि मी. नसरापूरपर्यंत राजा असा पळाला की मी करवल्यांना पंपाचं शास्त्र समजावून सांगितलं. ते गाव मागं टाकलं आणि पुढून वाफ आली. वहाणेचं कातडं उकळत्या पाण्यात आखडून पार सुकट झालं होतं! ओढ्याचं पाणी आणून ओतावं, तर निम्मं रस्त्यावर.

"वहाण चालून चालून दमली वाटतं," गोदाक्का म्हणाली.

तेवढ्यात मला भंगारवाल्याचे बोल आठवले : गळती लागली तर मूठभर हळद टाक, बारीक भेगा बुजतात. माझी नजर डब्यावर गेली. गोदाक्कानं डबा पदराखाली घेतला.

"मुडद्या, ही हळद नवरीला लावायची का डबड्याला?"

"मावशी, डबडं न्हाई पोचलं तर नवरीला तरी कुठनं लागंल?"

मामांनी सूर्याकडं पाहिलं. "आक्का, निम्मी दे. नवरी काय म्हैस हाय का सगळी लागायला?"

निम्मी हळद राजाच्या पोटात गेली. आणि सांगतो, पाच-दहा मिनिटांत गळती थांबली! करवल्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी ओढ्यात पडता पडता वाचलो. राहिलेल्या वाटेत मी मनातल्या मनात भोरला स्वतःचा कारखाना काढला, त्यावर पाटीही लावली.

दिवस बुडायला टेकला तेव्हा वेल्ह्यात शिरलो. वेशीवर वाजंत्री, पांढऱ्याशुभ्र फेट्यात नवरीचे वडील, आणि ओवाळायचं ताट घेतलेली नवरीची धाकटी बहीण. गोदाक्कानं उरलेल्या हळदीचा डबा नवरीच्या आईच्या हाती दिला. अब्रू वाचली! इथं मी गप्प बसायचं होतं.

"आमच्या हातचा पंप!" मी म्हणालो. "पाण्याचा टिपूस सांडला न्हाई. बघायचाय?"

"आरं, नगं!" मामा ओरडले.

पण मी हातावर घोंगडं गुंडाळून राजाच्या पाण्याच्या टाकीचं झाकण फिरवलंसुद्धा. हळदीनं सांध्याबरोबर आतल्या नळ्याही बुजवल्या होत्या, आणि राजा सगळी वाफ पोटात दाबून बसला होता. फाऽऽट! पिवळा कारंजा झाडाएवढा वर गेला आणि निवत निवत सगळ्यांवर आला. (निवलेला होता हे नंतर कळलं. मी आधीच बोंबलत होतो.) फेटा पिवळा, वाजंत्री पिवळे, सनईतून बुडबुडे! सगळ्यात जास्त भिजलो आम्ही दोघं : मी आणि ताटवाली.

मी मनात बार्शीची वळकटी बांधली. मग एक म्हातारी बोळकं उघडून हसली, "आगं बया! एकाच येळंला दोघास्नी उष्टी हळद लागली की! आता उजवून टाका!"

मामांनी लगोलग हात जोडले. "पावणं, पोरगं बिनआईबापाच्या वाणी माझ्याच घरी वाढलंय. माझाच पोरगा समजा."

नवरीच्या वडिलांनी फेटा पिळला. बराच वेळ पिळला. "पोरगी दिली," ते म्हणाले. "पर एक अट. ह्यानं मोटारीला हात लावायचा न्हाई."

पुढच्या साली माझं लग्न झालं. आमची उष्टी हळद भल्या पहाटेच बैलगाडीतून गेली. गाडी निघताना मी चाक नीट आहे का बघायला नुसता वाकलो, तर चौघांनी मला उचलून खोलीत नेलं आणि बाहेरून कडी लावली. कडी लावणारे मामाच होते!