आठशे फेऱ्यांचा फरक

मीटरताईंचं दुकान म्हणजे जेमतेम दोन गाड्या मावतील एवढी जागा. एका भिंतीला लांब टेबल, टेबलावर भिंग बसवलेला दिवा आणि वरच्या फळीवर पोट उघडलेली मीटरं. वेग दाखवणारी, पेट्रोल दाखवणारी, इंजिनाचे फेरे मोजणारी. जुन्या गाड्यांचे शौकीन लांबलांबून यायचे. एखादा हळूच म्हणायचा, "ताई, गाडी विकायचीय. किलोमीटर जरा कमी करून देता का?" ताई भिंगातून डोळा न काढता म्हणायच्या, "त्यापेक्षा तुमचं वय कमी करून देते. चालेल?" गडी मुकाट्यानं काढता पाय घ्यायचा.

हे काम त्यांना वडिलांनी शिकवलं. अप्पा कानाचे भलतेच पक्के होते. रस्त्यावरून गाडी गेली की न बघता सांगायचे, "अठ्ठावीसशे." म्हणजे इंजिन मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे घेतंय. लेकीलाही त्यांनी तोच नाद लावला. दोघं दुकानाच्या पायरीवर बसून पैजा लावायची आणि जो हरेल त्यानं चहा करायचा.

ताई चोवीस वर्षांच्या असताना ते सगळं थांबलं. गावातल्या एका डॉक्टरांकडे हिरवी, दोन माणसांपुरती स्पोर्ट्‌स कार होती. तिचा फेरे मोजणारा काटा बिघडला म्हणून अप्पांनी तो दुरुस्त करून दिला. चार दिवसांनी डॉक्टर टेकडीचा उतार उतरताना खालचा गिअर टाकायला गेले. इंजिन आधीच फार जोरात फिरत होतं. ते जागच्या जागी अडकलं, मागची चाकं जाम झाली आणि गाडी कठड्यावर जाऊन आदळली. डॉक्टर गेले. चौकशीत चालकाची चूक असा शेरा पडला. अप्पांना कुणी एका शब्दानं बोललं नाही. पण त्यांनी हाय खाल्ली. त्यानंतर त्यांनी हत्याराला हात लावला नाही. खिडकीशी बसून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा आकडा तेवढा पुटपुटत राहायचे. तिसऱ्या वर्षी अप्पा गेले आणि तेही थांबलं.

अपघाताला एकतीस वर्षं झाली. ताईंनी दुकान चालवलं, लग्न केलं नाही, आईला सांभाळलं. आईचं एकच पालुपद होतं, "ह्यांच्या हातून चूक होणं शक्य नाही." ताई मान डोलवायच्या. पण अजूनही इंजिनाचा आवाज कानावर पडला की मनात आकडा उमटायचा, आणि तो त्यांच्या नाही, अप्पांच्या आवाजात उमटायचा.

एका सकाळी तीच हिरवी गाडी दुकानासमोर उभी राहिली.

ताईंच्या हातातला स्क्रू टेबलावरून घरंगळत गेला. गाडीतून चाळिशीतली एक बाई उतरली. केस घट्ट बांधलेले, हातात मळकं फडकं.

"मी डॉक्टरांची मुलगी," ती म्हणाली. "आई मागच्या वर्षी गेली. ती होती तोवर गाडीवरचं कापडसुद्धा काढू दिलं नाही. आता पत्रा सरळ करून इंजिन नवं बसवून घेतलंय. सगळं ठीक आहे, फक्त हा काटा दगा देतो. सुरुवातीला बरोबर दाखवतो, नंतर खाली पडतो."

"कुणी सांगितलं इथे यायला?"

"कुणी नाही. मला माहीत होतं शेवटचं काम कुठे झालं ते."

ताईंनी हातातलं काम बाजूला सारलं. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलला आपलं हातातलं मीटर जोडलं आणि गाडी सुरू करायला सांगितली. दोन्ही काटे सारखे. "तीन हजारांवर धरून ठेवा," त्या म्हणाल्या. वीस मिनिटं दोघी तशाच होत्या, एक गाडीच्या आत, एक बाहेर. मग डॅशबोर्डवरचा काटा हळूहळू उतरायला लागला. सव्वीसशे, चोवीसशे. बावीसशेवर येऊन थांबला. इंजिनाचा आवाज मात्र तसूभर बदलला नव्हता. हातातलं मीटर तीन हजार म्हणत होतं. आणि ताईंच्या कानाशी अप्पाही अगदी स्पष्ट म्हणाले, "तीन हजार."

ताईंनी मागे वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती.

"बंद करा," त्या म्हणाल्या. 

आधी त्यांनी बाहेरच्या सगळ्या शक्यता तपासल्या. वायर आतून तुटली असेल, अर्थिंगची तार गंजली असेल. खरं तर त्यांना तेच हवं होतं. अर्थिंगची जोडणी घासून लख्ख केली, बॅटरीकडून येणारा करंट मोजला, सिग्नलची वायर बदलून पाहिली. गाडी पुन्हा तापवली. काटा पुन्हा आठशेनं खाली. म्हणजे दोष मीटरच्या पोटातच होता.

मीटर काढून टेबलावर घेतलं. पुढचं कडं फिरवून काच उतरवली. डब्याच्या आतल्या बाजूला टोकदार खिळ्यानं कोरलेली तारीख होती. अक्षर अप्पांचं. अपघाताच्या चार दिवस आधीची तारीख.

डॉक्टरांची मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. ताईंनी मीटर टेबलावरच्या यंत्राला जोडलं, तीन हजारांचा सिग्नल दिला आणि केस वाळवायच्या मशीननं आतल्या सर्किटच्या पट्टीवर गरम हवा सोडली. काटा घसरला. मग लाकडी काडीनं त्या एकेक जोड दाबत गेल्या. कारखान्यातले सगळे जोड भक्कम होते. कपॅसिटर नावाचा एक बारका भाग तेवढा नंतर बदललेला होता. त्याच्या पायाशी काडी टेकवली आणि काटा ताडकन तीन हजारांवर गेला. काडी उचलली की खाली. भिंगातून सोल्डरिंगच्या त्या डागाभोवती केसाएवढी भेग दिसत होती.

"हा जोड माझ्या वडिलांचा," ताई म्हणाल्या.

"तेव्हाही सुटलेला होता?"

"सांगता येत नाही. एकतीस वर्षांत कुणाचाही जोड सुटेल. पण तेव्हाही काटा कमी दाखवत असेल, तर इंजिन हळू फिरतंय असं वाटून खालचा गिअर पडू शकतो. तुमचे वडील काटा बघून गिअर टाकायचे का?"

"आठवत नाही हो. मी शेजारी बसायची, पण मला त्यांचे हातच आठवतात."

ताईंनी जुना डाग काढून नवा घातला, तीनदा तापवून पाहिलं आणि मीटर बसवून दिलं. गाडी गेली.

घरी आई भाजी निवडत बसली होती. ताईंनी जे पाहिलं ते सगळं सांगितलं. आईचे हात थांबले. 

"मीटर दिलं त्या दिवशी जेवताना हे म्हणाले होते," ती म्हणाली. "तो डाग धरत नाही, दोनदा केला, मनासारखा झाला नाही. डॉक्टरांना म्हटलं उद्या न्या. ते घाईत होते, घेऊन गेले."

"आई, इतकी वर्षं तू बोलली नाहीस?"

"काय बोलणार होते? माणूस डोळ्यांदेखत झिजत होता. त्यांना काय सांगू, तुमचंच चुकलं म्हणून?"

ताईंना दोन दिवस घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांच्या मुलीला फोन लावला आणि आईचे शब्द जसेच्या तसे सांगितले. 

"माझी आई मरेपर्यंत बाबांना दोष देत राहिली," ती पलीकडून म्हणाली. "म्हणायची, बायकोपोरीचा विचार न करता बेफाम गाडी हाणली. मीही तेच मानून चालले होते." मग तिनं विचारलं, "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं. का सांगितलंत?"

"तुम्हाला तुमचे वडील परत मिळावेत म्हणून," ताई म्हणाल्या, आणि आपले वडील आपण गमावले का, हा विचार येताच त्यांनी फोन ठेवला.

फोन केल्याचं आईला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पोटच्या पोरीनं बापाचं नाव घालवलं." पुढचे आठ दिवस तिनं अबोला धरला. भिंतीशी तोंड करून पडून राहायची. ताई ताट ठेवायच्या, ताट उचलायच्या. दुकानात मन लागत नव्हतं. एकदा तर चांगलं चालणारं मीटर उगाच उघडून पुन्हा बंद केलं.

नवव्या दिवशी ताई निघायच्या बेतात चपला घालत असताना आतून आईचा आवाज आला.

"तिला विचारलंस का, गाडी नीट चालतेय का?"

ताईंनी दारातूनच फोन लावला. गाडी नीट चालत होती.