मथळ्यात अडकलेले मोठे बाबा

नागपूरच्या मिहानमधल्या कंपनीत मी काय करते, असं कोणी विचारलं की आई सांगते, "कॉम्प्युटरले फाइल वाचाले शिकवते." अगदीच चूक नाही. स्वल्पविरामांनी तोडलेली माहिती क्लाउडवर पडलेली असते. ती कुठून वाचायची, कुठे तोडायची, हे मी ठरवते.

मग स्वतःच्या लग्नाची पत्रिका मी एकेकाला हाताने पाठवणार? छे! आईने नावं सांगितली, मी फाइल करून क्लाउडवर चढवली आणि सगळ्यांच्या मोबाइलवर पत्रिका आपोआप जाईल अशी सोय केली. आमच्या नातेवाइकांचे पत्ते म्हणजे नुसते स्वल्पविराम. जरीपटका, बाजाराच्या मागे, पिठाच्या गिरणीसमोर, वरचा माळा. स्वल्पविराम दिसला की कॉम्प्युटर तिथे तोडतो, म्हणून प्रत्येक पत्ता अवतरणचिन्हांत बांधला. एकही तुटला नाही. मी स्वतःवर जाम खूश होते.

तेवढ्यात आत्याचा फोन. "काहून वं, दादाले पत्रिका नाही धाडली?"

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं! दादा म्हणजे माझे मोठे बाबा, वडिलांचे थोरले भाऊ. बाबा गेले, आता लग्नात माझ्या बाजूला उभे राहणार ते हेच. आणि रुसण्यात त्यांचा हात धरणारा त्यांच्या अख्ख्या मौदा गावात सापडायचा नाही. एका साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, त्यांच्याआधी जावयाला चहा दिला, तर न जेवता घरी गेले होते.

आई रडायलाच लागली. "आता ते येत नाहीत, पाह्य."

मी चिडून सेटिंग उघडलं. 'पहिली ओळ मथळा आहे' या पर्यायासमोर बरोबरची खूण! ऑफिसच्या फाइलींत पहिल्या ओळीत 'नाव', 'पत्ता', 'फोन' असतं, ती ओळ सोडून पुढचं वाचायचं असतं, म्हणून ती खूण तिथे कायमच असते. आईच्या यादीत पहिल्या ओळीत होते मोठे बाबा. आमच्याकडे कुठलीही यादी त्यांच्यापासूनच सुरू होते, मानच तसा. कॉम्प्युटरने त्यांचाच मथळा केला आणि पत्रिका धाडली खालच्यांना.

पेढे आणि लॅपटॉप घेऊन मी मौदा गाठलं. मोठे बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"सारं गाव बोलावलं, अन् मले आता काय डबडं दाखवून राहिली वं?"

"बघा तरी! हे वर ठळक अक्षरांत कोणाचं नाव आहे? अख्खं गोत तुमच्या नावाखाली आहे. म्हणून तुम्हाला पत्रिका गेली नाही."

त्यांनी चष्मा लावला. बोट हळूहळू खाली सरकलं.

"हा जावईही माह्या खालीच?"

"खालीच."

त्यांनी चष्मा काढून लॅपटॉप बाजूला सारला. मला वाटलं, गेलं सगळं.

"तुहा बाप असता," ते म्हणाले, "तर त्याले पत्रिका धाडली असती का तू?"

"नाही."

"मग मले काहून धाडतं वं ते डबडं?"

मला रडू आवरेना. ते आत तोंड करून मोठ्या आईवर ओरडले, "अवं, माहा नवा सदरा काढ. पोरीचं लगन हाय माह्या!"