वारं समजून ओवाळलं मला

मांडीवरचं लेकरू घसरलं आन् मला ते धरताच येईना. हात उचलंना. देवळातल्या घंटेचा आवाज लांब लांब गेला, डोळ्यापुढं पिवळं पिवळं झालं. लेकराला कोणतरी झेललं म्हणं, ते मला मागनं कळलं. मी आडवी पडल्ती आन् बायका माझ्यावर भंडारा उधळत व्हत्या.

शुक्रवार व्हता, देऊळ यल्लमाचं, आन् बाळंत झाल्यापास्नं मी अशी मधीच पडायची. आमच्या कोडोलीकडं बाई डोळं फिरवून पडली की आधी वारं आलं म्हणत्यात. आत्ती, म्हंजे माझी सासू, तिला तर लई बरं वाटायचं, घरात देवी आली म्हणून. शेजारणी पाया पडायच्या. मी शाळा अर्ध्यात सोडल्याली, मला काय कळतंय, मला बी वाटायचं आईच आली आसंल. फकस्त देवी आली की बोल निघतोय म्हणं, माझ्या तोंडातनं कधी शब्द फुटला न्हाय.

त्या दिवशी कुठल्या गावची कुणास ठावं, एक म्हातारी जोगतीण डोक्यावर देवीचा जग, म्हंजे टोपलीतला देवीचा मुखवटा, घिऊन आल्ती. तिनं माझं हळदीनं भरल्यालं मनगट धरलं आन् धरूनच बसली. मग आरतीचं ताट घिऊन मला ओवाळणाऱ्या आत्तीला म्हणाली, "आई आली की नाडी उड्या मारती, बाई. माझ्या अंगात येती, मला ठावं हाय. हिची नाडी बसत चाललीया. ताट ठेव खाली, गाडी बघ."

आत्ती म्हणाली, "देवी कोपंल की."

"कोपली तर माझ्यावर कोपू दे."

गावातल्या ट्रॅक्स जीपमधनं मला कोल्हापूरला नेलं. डॉक्टरांनी छातीची पट्टी, म्हंजे ईसीजी, काढली आन् सांगितलं, हृदयाच्या वरच्या खणातनं खालच्या खणाला जाणारा सांगावाच तुटलाय, पेसमेकर बसवाय लागंल. तोवर मांडीतनं हृदयापतोर वायर सोडून मला जगवल्ती. शेजारच्या खाटेवर इचलकरंजीच्या एक मावशी. त्यांना तसलंच मशीन आदीपास्नं व्हतं. त्या म्हणाल्या, माझं हृदय कवातरी थांबतंय, तेवढ्यापुरतं मशीन जागं व्हतंय, न्हायतर नुसतं पहाऱ्याला बसतंय. त्यांच्या भावाचं हृदय तर कवा धावायचं, कवा थांबायचं. त्याचं मशीन थांबू देत न्हवतं, पर धावणं आवरायला गोळ्याच लागायच्या. आत्तीनं एवढंच धरलं. मशीन बसूनच ऱ्हातंय तर घालायचं कशाला, द्या की गोळ्या. आमचं मालक बी तिच्याकडं झुकलं.

मग डॉक्टर माझ्याच खाटेवर बसलं. म्हणालं, मशीन एकच दिसतंय, पर ज्याचा त्याचा रोग येगळा. मावशीचं मशीन राखणदार हाय. हिला गोळी चालायची न्हाय, हिचा जवळजवळ हर एक ठोका मशीनच देणार.

ते ऐकून मला आणिकच धाप लागली. म्हंजे माझं काळीज माझं न्हवंच? लेकराला पाजताना ते बंद पडलं तर? मी भिंतीकडं तोंड करून रडले. रडता रडता त्या म्हातारीचं बोलणं आठवलं. ना वळखीची ना पाळखीची, आन् माझ्यापायी देवीचा कोप तिनं आपल्या अंगावर घेतला. मग मी कोण भ्यायची? मालकांना म्हणलं, सही करा. मनात म्हणलं, आई, आता तुझं तू बघ.

लेकरू आता शाळंला जातंय. तपासणीला गेले की डॉक्टर मशीन जरा हळू करत्यात, आतनं माझा सोताचा ठोका येतोय का बघाय, आन् परत ते पिवळं दिसाय लागतंय. तवा मला कळतंय, ठोका कुणीतरी द्यावा लागतोय. मावशीला बी, तुम्हाला बी. मला तेवढं रोज दिसतंय, एवढंच. म्हणून रोज हात जोडते.

ती जोगतीण परत गावली न्हाय, लई शुक्रवार वाट बघितली. आत्तीवर माझा राग न्हाय. ताट तिनंच खाली ठेवलं, भरल्या देवळात, सगळ्या बायकांदेखत. तुम्ही तिच्या जागी असता, घरात देवी आली म्हणून गाव पाया पडतंय, आन् एक अनोळखी बाई म्हणती ही देवी न्हवं. तर तुम्ही ठेवलं असतं का ताट?