ओल्या फडक्याची दुपार

दप्तरखान्यात नवी होते तेव्हा एका कोरड्या मोडी कागदावर मी ओलं फडकं पसरलं होतं. कागद तडकेल म्हणून माया हो. अक्कल तेवढी घरी विसरले होते.

आज माझी नात रेवा तिच्या कागद-दुरुस्तीच्या खोलीसाठी हवा ओलसर ठेवणारा ह्युमिडिफायर निवडते आहे. टेबलावर दोन यंत्रं आणि जवळच कुणाचं तरी जुनं खरेदीखत.

"आजी, हा धुकं जास्त जोरात सोडतो."

"म्हणूनच नको. धाकटा घे, आणि लांब ठेव."

धुक्याची रेघ खरेदीखताकडे वळली. तडकणं आणि विरघळणं यांच्यात किती थोडी जागा असते! रेवानं यंत्र मागे सरकवलं.

तेव्हा फडक्याखाली पसरलेली शाई बघून आमचे साहेब शांतपणे म्हणाले होते, "बाई, दोनशे पावसाळ्यांना जे जमलं नाही, ते तुम्ही एका दुपारीत केलंत."